चेन-सॉच्या इंजिनातील हवागळती : परीक्षा आणि ऑइल सीलची बदली

उन्हाळ्याच्या अखेरीस नागपुरात वादळी पाऊस कोसळतो आणि सिव्हिल लाइन्ससारख्या दाट वृक्षराजीच्या भागात जुनी झाडे उन्मळून रस्ते अडतात. अशा वेळी ते मोकळे करण्याचे काम चेन-सॉवर येऊन पडते. सागाच्या रोपवनांची विरळणी व तोड हे तर विदर्भातील नित्याचे काम. १९७४ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र वनविकास महामंडळाचे मुख्यालय नागपूर येथेच आहे. कुऱ्हाड व आरा यांच्या जोडीला आलेल्या या यंत्राचा वापर वाढला, पण त्याच्या निगेचे ज्ञान त्या प्रमाणात पसरले नाही.

या यंत्राविषयी एक तक्रार वारंवार ऐकू येते. थंड असताना ते नीट चालते, तापले की आपोआप ‘रेस’ घेते आणि चाप सोडला तरी वेग लवकर उतरत नाही. यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून पेट्रोल वाढविणे. त्याने दोष तात्पुरता झाकला जातो इतकेच.

चेन-सॉचे इंजिन टू-स्ट्रोक असते. त्यात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण प्रथम क्रँककेसमध्ये ओढले जाते आणि तेथून सिलिंडरमध्ये ढकलले जाते. हा साधा आराखडा इंग्लंडमधील जोसेफ डे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बनविला. त्यात क्रँककेस हाच पंप असल्याने तो हवाबंद असलाच पाहिजे. क्रँक शाफ्ट जेथून बाहेर येतो त्या दोन्ही बाजूंना, म्हणजे मॅग्नेटच्या व क्लचच्या बाजूला, रबरी ओठाचे एकेक ऑइल सील बसविलेले असते. सील झिजले की कार्बोरेटरला वळसा घालून बाहेरची हवा आत शिरते. मिश्रण पातळ होते आणि पेट्रोलमध्ये मिसळलेले वंगणही त्याच प्रमाणात कमी पोहोचते. इंजिन अधिक तापते, पिस्टनवर ओरखडे उठतात व शेवटी तो जाम होतो. किरकोळ किमतीच्या सीलपायी सिलिंडर व पिस्टन दोन्ही बदलावे लागतात. याहून गंभीर बाब सुरक्षिततेची आहे. वेग न उतरल्याने क्लच सुटत नाही आणि चाप सोडल्यावरही साखळी फिरत राहते.

१९७२ साली बाजारात आलेल्या बजाज चेतक स्कूटरची दुरुस्ती केलेल्या जुन्या कारागिरांना हा दोष नवा नाही. तेथे क्लचच्या बाजूचे सील गेले की गिअरचे तेल आत ओढले जाऊन पांढरा धूर निघे. चेन-सॉमध्ये त्या बाजूला गिअरचे तेल नसते, त्यामुळे धुराची ही खूण मिळत नाही.

करवत आडवी-उभी केल्यावर मंद गती बदलत असेल तर सीलविषयी संशय घ्यावा. तथापि चोंदलेला पेट्रोल फिल्टर किंवा चिरलेली नळी हीदेखील अशीच लक्षणे दाखविते. म्हणून दाब-परीक्षा आवश्यक ठरते. कार्बोरेटर व सायलेन्सर काढून दोन्ही तोंडे रबर व पट्टीने बंद करावीत, स्पार्क प्लग घट्ट बसवावा आणि दाबमापक असलेल्या हातपंपाने सुमारे अर्धा बार, म्हणजे दर चौरस इंचास सात पौंड, दाब द्यावा. वीस सेकंद तो टिकला पाहिजे. घसरल्यास साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधावेत. इनटेकची रबरी जोडणी, सिलिंडरखालील गॅस्केट व प्लगची बैठक या जागा सीलइतक्याच संशयास्पद असतात. कार्यशाळेतील कॉम्प्रेसरची हवा मात्र थेट सोडू नये. चांगले सीलही त्याने उखडते.

येथेच पुष्कळजण थांबतात आणि फसतात. सीलचा ओठ आतल्या बाजूला वळलेला असतो. आतून दाब दिला की तो शाफ्टवर अधिकच आवळला जातो, त्यामुळे झिजलेले सीलही या परीक्षेत उत्तीर्ण होते. उलट दिशेने अर्धा बार निर्वात निर्माण केल्यावरच त्याचे खरे स्वरूप कळते. वीस सेकंदांत निर्वात ०.३ बारच्या खाली उतरला तर गळती आहे असे समजावे.

सील बदलताना प्रथम शाफ्ट वर-खाली हलवून बेअरिंग पाहावे. ते सैल असेल तर नवे सीलही टिकणार नाही. बहुतेक चेन-सॉमध्ये क्लचचे आटे उलटे असतात. पिस्टन अडविण्यासाठी प्लगच्या छिद्रातून मऊ दोरी घालावी. जुने सील काढताना शाफ्टवर ओरखडा उठू देऊ नये, कारण त्याच रेघेतून पुन्हा हवा शिरते. शाफ्टचे आटे व चावीची खाच पातळ टेपने झाकावी, ओठाला ग्रीस लावावे, स्प्रिंगची बाजू आत ठेवावी आणि योग्य मापाच्या नळीने सील सरळ, पूर्वीच्याच खोलीवर दाबावे. त्यानंतर दोन्ही परीक्षा पुन्हा घ्याव्यात व मगच कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावावा.

वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता पंपांवर सर्वत्र मिळते. चेन-सॉच्या अनेक उत्पादकांनी दहा टक्क्यांचीच मर्यादा सांगितलेली आहे आणि जुन्या यंत्रांतील रबराच्या नळ्या इथेनॉलने लवकर बिघडतात. पंचायतीचे फवारणी यंत्र अथवा गवत कापणी यंत्र टू-स्ट्रोक असेल तर त्यालाही हे लागू आहे. हंगाम संपल्यावर अशा यंत्रांची टाकी रिकामी करून, उरलेले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून मगच ती ठेवावीत.