*गाडी मधेच बंद पडते आणि थोड्या वेळाने आपोआप चालू होते? पंप उतरवण्याआधी हे तपासा*



आजचा संदेश जरा लांब आहे. पण ज्यांच्याकडे जुनी डिझेल पिकअप, जीप किंवा ट्रॅक्टर आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा आणि मोबाईलमध्ये जपून ठेवा.

मागच्या कांदा हंगामात आपल्या एका सभासदाची जुनी पिकअप माल भरून निघाली की दहा-बारा किलोमीटरवर बंद पडायची. पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. गॅरेजला नेली की काहीच दोष दिसत नव्हता. "पंप गेला" असं सांगून डिझेल पंप उतरवला, कॅलिब्रेशन केलं, नोझल बदलले. मोठं बिल भरलं, आणि तिसऱ्या दिवशी गाडी त्याच चढाला पुन्हा बंद. त्या दिवसाचा लिलावही हुकला. शेवटी टाकी उतरवली, तेव्हा आतून डिझेलच्या कॅनच्या बुचातली प्लास्टिकची चकती निघाली. इंजिन चालू असताना ती ओढली जाऊन पाईपच्या तोंडावर बसायची. इंजिन बंद पडलं की ओढ संपायची आणि चकती सुटून खाली पडायची. म्हणून गॅरेजला पोहोचेपर्यंत गाडी चांगली!

यातून शिकायचं एवढंच: *अधूनमधून येणारा बिघाड गाडी बंद पडते त्या वेळीच सापडतो. आणि तपासणी टाकीपासून सुरू करायची, पंप सगळ्यात शेवटी.*

*डिझेलचा रस्ता*
टाकी → पाईप → फीड पंप → फिल्टर → डिझेल पंप → नोझल. टाकी ते फीड पंप या भागात डिझेल ओढलं जातं, तिथून पुढे ढकललं जातं. पुढच्या भागात गळती असेल तर डिझेल ओघळताना दिसतं. ओढीच्या भागात बारीक फट असेल, तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून "कुठेच गळत नाही" यावर समाधान मानू नका. काही पिकअपमध्ये वेगळा फीड पंप नसतो, डिझेल पंपच डिझेल ओढतो. तिथे फिल्टरसुद्धा ओढीच्या बाजूला येतो.

*आधी बघा, बंद कशी पडते?*
▪️ चावी फिरवल्यासारखी खटकन बंद पडली, तर आधी वायर आणि पंपावरचा स्टॉप सॉलेनॉइड तपासा. त्याची वायर सैल झाली की डिझेल तिथल्या तिथे तुटतं.
▪️ गचके खात, दम सोडत, रेस कमी होत बंद पडली, तर डिझेल कमी पोहोचतंय किंवा हवा घेतेय.
▪️ ताकद कमी पण काळा धूर भरपूर, तर एअर फिल्टर बघा. तो डिझेल न पोहोचण्याचा दोष नाही.

*गाडी बंद पडली त्याच जागी, या क्रमाने*

*१) टाकीचं झाकण उघडा.* हवा आत ओढल्याचा "फुस्स" आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. धूळ-चिखलात हे नेहमीचं आहे. झाकण साफ करा. उपाय जवळजवळ फुकट!

*२) हातपंप मारून बघा.* पहिल्या दोन-चार दाबातच कडक लागला, तर डिझेल भरलेलं आहे, दोष पुढे किंवा वायरिंगमध्ये. बराच वेळ पोकळ लागला, तर हवा शिरलीय. दाबलेला हातपंप वर यायला तयार नसेल, तर टाकीकडून रस्ता बंद आहे: जाळी, कचरा किंवा आतून फुगलेला रबरी पाईप.

*३) फिल्टरखालचा स्क्रू सोडून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या.* पाच-दहा मिनिटं ठेवा. तळाला वेगळा थर बसला तर ते पाणी आहे. काळपट चिकट गाळ दिसला तर टाकी धुवावी लागेल.

*४) फिल्टरवरचा एअरचा स्क्रू थोडा सैल करून हातपंप मारा.* फेस आला तर हवा आहे. टाकीपासून प्रत्येक क्लिप, जोड आणि तांब्याचा वायसर बघा. एकदा काढलेला वायसर परत वापरू नका, नवा टाका. त्याच जोडातून पुन्हा हवा शिरते.

*५) रबरी पाईप हाताने दाबून बघा.* वरून चांगला दिसणारा जुना पाईप आतून सुटलेला असतो. रेस वाढली की ओढीने तो चपटा होतो. रिकामी गाडी नीट चालते आणि लोड आला की दम सोडते, त्याचं हे एक मोठं कारण.

*वेगळ्या कॅनची परीक्षा*
घरी मेकॅनिकसमोर, उभ्या गाडीवर करायची. स्वच्छ कॅनमध्ये गाळलेलं डिझेल घ्या आणि पंपाचा ओढणारा पाईप थेट कॅनमध्ये सोडा. रिटर्नचा पाईपही त्यातच सोडा, नाहीतर कॅन लवकर रिकामा होतो. कॅन सायलेन्सरपासून लांब ठेवा. एअर काढून, नेहमी जेवढ्या वेळात बंद पडते त्याहून जास्त वेळ गाडी वाढीव रेसवर चालवा. नीट चालली तर दोष टाकी किंवा पाईपमध्ये असण्याची शक्यता जास्त, पंप उतरवू नका. तरीही दम सोडला, तर फिल्टर, फीड पंप आणि मग डिझेल पंपाकडे वळा. पंपाआधी पारदर्शक डिझेल पाईपचा वीतभर तुकडा तात्पुरता जोडला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. सुरुवातीचे चार-दोन सोडा, सतत येत राहिले तर हवा घेतेय.

*मग पंप खराब आहे असं कधी मानायचं?*
गाडी थंड असताना पटकन चालू होते, गरम झाल्यावर बंद पडली की चालू होत नाही, आणि बाकी सगळं ठीक आहे. अशा वेळी इंजिन बंद ठेवून डिझेल पंपावर ओलं फडकं ठेवा. पंप निवल्यावर चालू झाली, तर पंप आतून झिजल्याचा संशय पक्का होतो. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या भागातून निसटतं आणि दाब तयार होत नाही. *गरम पंपावर गार पाणी ओतू नका, पंप जाम होऊ शकतो.* अशी खात्री झाल्यावरच पंपवाल्याकडे जा.

*जुनी पेट्रोल गाडी असेल तर*
इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीत असतो आणि विजेवर चालतो. चावी ऑन केली की दोन-तीन सेकंद बारीक घूं आवाज येतो. बंद पडल्यावर तो आला नाही, तर आधी फ्यूज, रिले, अर्थ आणि कनेक्टर बघा. तिथे करंट नीट येत असून पंप फिरत नसेल तर पंप गेला. टाकीतलं पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं, म्हणून कायम रिझर्व्हवर गाडी चालवू नका. पेट्रोलवर कॅनची परीक्षा करू नका, आगीचा धोका आहे.

⚠️ *जपून*
▪️ चढाला बंद पडली तर ब्रेक वारंवार मारू नका. इंजिन बंद असताना ब्रेकची मदत दोन-तीन दाबात संपते आणि पॉवर स्टेअरिंग जड होतं. पाय दाबून धरा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, मगच बॉनेट उघडा.
▪️ नोझलच्या पाईपची गळती बोटाने तपासू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं. तसं झालं तर जखम छोटी दिसली तरी ताबडतोब दवाखान्यात जा.
▪️ नव्या कॉमन रेल गाडीचे पाईप स्वतः सोडू नका. ती स्कॅनरवरच तपासावी लागते.

गॅरेजला जाताना चार गोष्टी लिहून न्या: किती किलोमीटरवर बंद पडली, टाकीत डिझेल किती होतं, माल भरलेला होता का, आणि किती वेळाने चालू झाली. "कधीतरी बंद पडते" एवढंच सांगितलं तर मेकॅनिकही अंदाजानेच पंप उतरवतो, आणि त्या अंदाजाचे पैसे आपल्याच खिशातून जातात.

कॅनमधून डिझेल टाकताना जाळीची गाळणी वापरा आणि बुचाची चकती आधी काढून फेका. शंका असेल तर गाडी बंद पडतानाचा आवाज रेकॉर्ड करून याच नंबरवर पाठवा.


*आपली शेतकरी उत्पादक कंपनी, सल्ला विभाग*