आधी झडती, मग पाऊस

बीडहून मांजरसुंब्याच्या बाजूला गेलं की बालाघाटच्या डोंगरात कपिलधारचं क्षेत्र आहे. मन्मथस्वामींची समाधी, कार्तिकी पौर्णिमेची यात्रा, गावोगावच्या दिंड्या, आणि पावसाळा धड झाला तर कड्यावरून कोसळणारा धबधबा. ‘धड झाला तर’ हे मुद्दाम म्हटलं. बीड जिल्ह्याची वर्षाची सरासरी साधारण ६६६ मिलिमीटर, आणि सरासरीइतका पाऊस पडतोच असं नाही. कोणत्या साली धबधबा जोरात असेल असा प्रश्न पडला, तर उत्तर शोधायला पुण्याकडे वळावं लागतं. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, पण शिवाजीनगरच्या इमारतीला ‘शिमला ऑफिस’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

पुण्याच्या या कार्यालयाने देशावर पाव अंशाची जाळी टाकून १९०१ पासूनचा रोजचा पाऊस मांडून ठेवला आहे. रेखांश ६६.५ ते १००, अक्षांश ६.५ ते ३८.५, आडवे १३५ बिंदू, उभे १२९. एका वर्षाची एक फाइल, दर आकड्याला चार बाइट. म्हणजे ३६५ दिवसांची फाइल बरोबर २,५४,२५,९०० बाइटची. तिच्यात गावाचं नाव नाही, तारीख नाही, नुसते आकडे. समुद्रात किंवा सीमेपलीकडे, जिथे मोजमापच नाही, तिथे उणे ९९९. कपिलधारच्या जवळचा बिंदू १८.७५ अक्षांश, ७५.७५ रेखांश.

त्या बिंदूचा पाऊस काढून देणारा प्रोग्राम पायथनमध्ये संध्याकाळभरात लिहून होतो. तो टर्मिनलच्या काळ्या खिडकीत असा चालवायचा:

पाऊस --अक्षांश १८.७५ --रेखांश ७५.७५ --पासून १९७१ --पर्यंत १९७३

बहात्तरच्या दुष्काळाची सालं मुद्दाम घेतली आहेत. दोन रेघांनी सुरू होणारे हे चार शब्द म्हणजे कमांड लाइनचे ऑप्शन. या लेखाचा विषय पाऊस नाही; तो मिळण्याआधी या चार शब्दांची झडती घेणारं यंत्र आहे.

झडती कशाला, ते पाहा. समजा घाईत रेखांश ७५.७५ ऐवजी ५७.७५ टाइप झाला. प्रोग्राम त्यातून ६६.५ वजा करतो, पावाने भागतो, आणि उत्तर येतं उणे ३५. कुणालाही वाटेल, आता गाडी अडणार. अडत नाही. पायथनमध्ये ऋण क्रमांक म्हणजे शेवटाकडून मोजणं. १३५ मधून ३५ गेले, शंभर क्रमांकाचा स्तंभ उघडला, तो ९१.५ रेखांशाचा. १८.७५ अक्षांशावर तिथे बंगालचा उपसागर आहे. जून ते सप्टेंबरच्या १२२ दिवसांची बेरीज येते उणे १,२१,८७८ मिलिमीटर. हा आकडा निदान डोळ्यात तरी खुपतो. पण उणे ९९९ वगळायची शहाणी ओळ प्रोग्राममध्ये आधीच असली, तर बेरीज शून्य येते. दुष्काळी जिल्ह्याच्या नावापुढे शून्य पाऊस! बहात्तर सालासाठी कुणी तो तपासायलाही जाणार नाही. ओरडून मोडणारा प्रोग्राम परवडतो. गुपचूप चुकीचं उत्तर देणारा नाही.

जुन्या पद्धतीत ही झडती ज्याची त्याने घ्यायची. बेल लॅबमध्ये १९८० च्या सुमारास ऑप्शन वाचणारं गेटऑप्ट नावाचं फंक्शन तयार झालं, आणि १९८५ मध्ये डॅलसच्या युनिफोरम परिषदेत एटी अँड टीने त्याचा सोर्स सर्वांसाठी खुला केला. एक रेघ, एक अक्षर, त्यामागे किंमत, ही शिस्त त्यामुळे रुळली. पण गेटऑप्ट हातात द्यायचं ते फक्त अक्षरांची माळ. तिचा आकडा करायचं काम सी भाषेतल्या एटूआयकडे, आणि या एटूआयची खोड अशी की आकडा दिसला नाही तर ते तक्रार करत नाही, शून्य देतं. ‘अठरा’ लिहा, शून्य. रिकामं सोडा, शून्य.

पायथनमध्ये याच कामासाठी २०१० च्या २.७ आवृत्तीबरोबर आर्गपार्स आलं. स्टीव्हन बेथर्ड यांचं हे काम पेप ३८९ या प्रस्तावातून पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीत दाखल झालं. त्याआधीच्या ऑप्टपार्सलाही पूर्णांक, दशांश असे ठरावीक प्रकार कळत होते. आर्गपार्सने ते दार मोकळं केलं: ‘टाइप’ या जागी तुम्ही कोणतंही फंक्शन देऊ शकता. आत मजकूर जातो, बाहेर किंमत येते, नाही जमलं तर फंक्शनने हरकत घ्यायची. माझ्या मते या कारागिरीचा सगळा जीव या एका जागेत आहे, कारण इथे तुम्हाला विषयाची असलेली माहिती लिहून ठेवता येते.

‘रेखांश म्हणजे दशांश आकडा’ एवढंच सांगितलं तर ५७.७५ बिनबोभाट आत जातो. ‘उणे १८० ते १८०’ असं सांगितलं तरी जातो. एवढंच काय, अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली तरी पृथ्वीच्या मापाने काही चूक नाही, ७५.७५ उत्तर, १८.७५ पूर्व हा बिंदू आहेच, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांच्या दक्षिणेला, बर्फाळ समुद्रात. ही अदलाबदल फार होते. आपण बोलताना आधी अक्षांश म्हणतो, आणि नकाशावाल्यांच्या जीडाल संचात चौकट देताना आधी रेखांश लागतो. म्हणून झडती जगाच्या मापाने नको, जाळीच्या मापाने हवी: रेखांश ६६.५ ते १००, अक्षांश ६.५ ते ३८.५. या मापात अदलाबदल सुटूच शकत नाही, कारण दोन पट्ट्यांना सामाईक आकडाच नाही.

वरच्या आदेशातले आकडे देवनागरीत आहेत ते छापण्याच्या सोयीसाठी नव्हेत. पायथनचे इंट आणि फ्लोट देवनागरी अंक खरोखर वाचतात. गो किंवा रस्ट या भाषा त्यांना नकार देतात, पण सांगून. एटूआय पुन्हा शून्य. आर्गपार्सला ऑप्शनचं नाव मराठीत चालतं, फक्त मदतीच्या पानावर रकाने वाकडेतिकडे दिसतात. ‘अक्षांश’ आपल्याला तीन अक्षरं वाटतात, ते सात मोजतं.

आर्गपार्सच्या दोन खोडी मात्र ठाऊक हव्यात. ‘--फक्त-पावसाळा’ असा हो-नाहीचा ऑप्शन ठेवला आणि टाइपच्या जागी पायथनचं बूल दिलं, तर ‘फॉल्स’ लिहूनही अर्थ ‘हो’च निघतो, कारण बूलच्या लेखी रिकामी नसलेली कोणतीही अक्षरमाळ खरीच. अशा ऑप्शनला किंमतच ठेवू नये. लिहिला तर हो, नाही लिहिला तर नाही. दुसरी खोड आखूड नावांची. ‘--पा’ एवढंच लिहिलं तर ते मुकाट ‘--पासून’ समजून घेतं. पुढच्या वर्षी कुणी ‘--पातळी’ नावाचा ऑप्शन वाढवला की जुन्या स्क्रिप्ट एकाएकी अडतात. ही सवय बंद करायची सोय ३.५ आवृत्तीपासून आहे, आणि ती वापरावीच.

झडती कुठे घ्यायची, यालाही महत्त्व आहे. फायली उघडून वर्षावर्षांची बेरीज चालू असताना ‘पासून’ हे ‘पर्यंत’च्या पुढे आहे हे कळून काय उपयोग? ही जोडीची तपासणी एकेका ऑप्शनच्या फंक्शनला जमत नाही. सगळे ऑप्शन वाचून झाल्यावर, पण एकही फाइल उघडण्याआधी ती करायची. चूक सापडली की पार्सरची, म्हणजे ऑप्शन वाचणाऱ्या आर्गपार्सच्या यंत्राची, एरर पद्धत बोलवायची. ती वापराचा नमुना छापते, कारण छापते आणि २ या कोडने बाहेर पडते, म्हणजे रात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टलाही काम झालं नाही हे कळतं. कारण नीट लिहायला आळस करू नये. ‘अवैध किंमत’ हे सरकारी उत्तर झालं. ‘रेखांश ५७.७५ जाळीबाहेर आहे, ६६.५ ते १०० मधला द्या’ असं सांगितलं की समोरचा लगेच दुरुस्ती करतो.

एवढं करूनही एक चूक आत येतेच. १८.७५ च्या जागी १९.७५ पडलं, तर प्रकार बरोबर, मर्यादा बरोबर, आकडेही खरे. फक्त ते जालना-अंबडकडचे. कोणताही पार्सर हे ओळखणार नाही, कारण विचारणाऱ्याला जालना हवं असणंही तितकंच शक्य आहे. यावर इलाज एकच: उत्तराच्या पहिल्या ओळीत, बेरजेच्या आधी, प्रोग्रामने कोणता बिंदू घेतला, तो कोणत्या जिल्ह्यात येतो आणि कोणती वर्षं मोजली हे छापायचं. जिल्ह्याच्या जागी बीड दिसलं नाही, तर खालची बेरीज वाचायचं कारण नाही.