संगणकाच्या घडणींतील शिल्लक सामान : ठेवावें कीं टाकावें ?

मन्याड नदीकांठच्या कंधारचा किल्ला राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळचा, म्हणजे दहाव्या शतकांतला, मानला जातो. त्याचा तट चढवितांना गवंड्यांनीं ज्या परांच्या बांधल्या असतील, त्यांची एक काठीहि आज उरलेली नाहीं आणि तिची उणीव कोणास भासतहि नाहीं. परंतु तटाची डागडुजी निघाली, कीं मूळच्या चुन्यांत काय व किती मिसळलें होतें हें कळणें अगत्याचें होतें. संगणकाची मूळ कारभारव्यवस्था, जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, ती जो स्वतः घडवून घेतो, त्याच्यापुढें असाच प्रश्न उभा राहतो. काम संपल्यावर उरलेल्या फाइलींपैकीं परांची कोणती आणि चुन्याचें प्रमाण कोणतें ?

लिनस टोरवाल्ड्स यानें 1991 सालीं आरंभिलेल्या लिनक्सचें उदाहरण घेऊं. त्याचा गाभा मुख्यतः सी भाषेंत लिहिलेला आहे. कंपायलर हा प्रत्येक लेखाचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करून एकेक ऑब्जेक्ट फाइल तयार करतो. मग लिंकर त्या सर्व जोडून एकसंध गाभा बनवितो. तो गाभा व त्याचीं मॉड्यूलें आपापल्या जागीं नेऊन ठेवलीं, कीं संगणक चालू करण्यास ऑब्जेक्ट फाइलींची गरज उरत नाहीं. त्या मात्र कित्येक गिगाबाइट जागा अडवून बसतात, आणि दोषशोधनाची माहिती सोबत ठेवली असेल तर फारच अधिक. जुन्या संगणकाची डिस्क याच कारणानें तुडुंब भरते.

मग त्या सरसकट पुसाव्यात काय ? थोडें थांबावें हें बरें. स्टुअर्ट फेल्डमन यानें 1976 सालीं बेल प्रयोगशाळेंत 'मेक' नांवाचें साधन रचलें. तें लेखाची व ऑब्जेक्ट फाइलीची वेळ ताडून पाहतें आणि जेवढें बदललें तेवढेंच पुन्हां घडवितें. जुन्या फाइली जागेवर असतील, तर एका ओळीची दुरुस्ती कांहीं मिनिटांत आटोपते. नसतील, तर मंद यंत्रावर तासन् तास जातात. ज्यास वरचेवर दुरुस्त्या करावयाच्या आहेत त्यानें त्या ठेवाव्यात. वर्षांतून एकदां घडविणाऱ्यानें त्या खुशाल काढाव्यात.

काढण्याच्याहि पायऱ्या आहेत. 'मेक क्लीन' ही आज्ञा ऑब्जेक्ट फाइली झाडून नेते, पण बाहेरचीं मॉड्यूलें घडविण्यापुरतें साहित्य राखते. 'मेक मिस्टरप्रॉपर' (हें युरोपांतील एका सफाईच्या द्रवाचें नांव !) कॉन्फिग फाइलहि उडविते. ही छोटीशी फाइलच चुन्याचें प्रमाण होय. कोणते भाग घ्यावयाचे व कोणते गाळावयाचे, याचे हजारों निर्णय तींत नोंदलेले असतात. मूळ लेख महाजालावरून पुन्हां उतरवितां येतो. हे निर्णय ज्याचे त्यानेंच घेतलेले, ते परत कोठून आणणार? म्हणून तिची प्रत आधीं दुसरीकडे ठेवावी. ही हयगय सर्वांत महाग पडते.

आणखी एक खोंच आहे. स्थापित मॉड्यूलांच्या पेटींत 'बिल्ड' नांवाचा एक दुवा असतो, आणि तो घडणीच्या मूळ जागेकडे बोट दाखवितो. तेथील सर्व कांहीं पुसलें तर दुवा आंधळा होतो. संगणक नेहमींसारखा चालतो. पण ज्याचें वायफायचें यंत्र बाहेरून आणलेल्या मॉड्यूलावर अवलंबून आहे, त्यास तें मॉड्यूल नव्यानें घडवितां येत नाहीं. मग महाजालाशीं जोडणारा मार्गच खुंटतो, आणि उपाय उतरवून घेण्याचाहि.

फ्रीबीएसडी या भावंड-प्रणालींत घाई विशेष नडते. तेथें आधीं नवा गाभा बसवून यंत्र पुन्हां सुरू करतात, आणि मग बाकीची प्रणाली बसवितात. या दोहोंच्या मध्यें घडणीचा कोठार रिकामा केला, तर दुसरी पायरी कशावर चढणार ? एखाद्या तालुक्याच्या शाळेंत दहा एकसारखे संगणक असतील, तर एकावर घडवून त्याचाच कोठार जाळ्यावरून इतरांस खुला करतां येतो. अशा वेळीं दहावें यंत्र उठून नीट चालूं लागेपर्यंत त्यास हात लावूं नये. त्यानंतर तो पुसल्यानें चालत्या प्रणालीचें कांहीं बिघडत नाहीं.