बीपीची गोळी आणि कॅल्शियमची दारे

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत साठीच्या आसपासच्या बायका अनेकदा दोन गोळ्या घेऊन येतात. एक रक्तदाबाची, ॲम्लोडिपिन. दुसरी हाडांसाठी, कॅल्शियमची. घरातल्या कुणीतरी मोबाइलवर वाचून सांगितलेले असते की, पहिली गोळी ‘कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर’ आहे. मग एका हाताने कॅल्शियम द्यायचे आणि दुसऱ्या हाताने अडवायचे, हा कसला कारभार? दोन्हींपैकी एक गोळी बंद होते. बंद होते ती बीपीचीच, कारण हाडे दुखतात, बीपी दुखत नाही.

शंका रास्त आहे. तिचे उत्तर स्नायूच्या पेशीत सापडते.

कॅल्शियम म्हटले की हाडे आणि दात आठवतात. पण स्नायू आकुंचन पावतो तोही कॅल्शियममुळेच. हे कळले ते एका चुकीमुळे. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून प्रयोग करीत होते. ते पाणी शुद्ध केलेले नसून चक्क नळाचे होते, हे त्यांना नंतर समजले. शुद्ध पाणी वापरताच हृदयाचे ठोके मंदावत थांबू लागले; थोडे कॅल्शियम घालताच ते पुन्हा धडधडू लागले. 1883 मध्ये रिंगर यांनी ही चूक मोकळेपणाने छापली.

स्नायूची पेशी विश्रांतीत असते तेव्हा तिच्या बाहेर आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट कॅल्शियम असते. मधल्या पडद्यात प्रथिनांची बारीक दारे असतात, तीच कॅल्शियम चॅनेल. प्रथिनाची एक लांबलचक साखळी चार भागांत दुमडते आणि मध्ये बोगदा तयार होतो. प्रत्येक भागातला एक पट्टा धन विद्युतभाराचा असतो. पडद्यावरचा विद्युतदाब बदलला की तो सरकतो आणि दार उघडते. दारातला पहारा तर फारच कडक. रक्तात सोडियमचे मोकळे कण कॅल्शियमच्या शंभरपट, आकारानेही जवळजवळ तेवढेच. तरी आत जाते ते मुख्यतः कॅल्शियम. बोगद्याच्या अरुंद जागी ऋणभाराचे चार गट असतात, ते दुहेरी धनभाराच्या कॅल्शियमला घट्ट धरतात आणि सोडियमला वाट मिळत नाही.

पेशीच्या आतही कॅल्शियमची एक कोठी असते आणि तिला स्वतःचे दार असते. हृदयात बाहेरून आलेले थोडे कॅल्शियम या कोठीचे दार उघडते, आतला मोठा साठा मोकळा होतो आणि ठोका पडतो. हातापायांच्या स्नायूंत रचना वेगळी आहे. तिथे बाहेरचे दार कोठीच्या दाराला जणू दोरीने बांधलेले असते. बाहेरचे हलले की आतले ओढले जाते. त्यासाठी बाहेरचे कॅल्शियम आत यावेच लागते असे नाही. म्हणून ॲम्लोडिपिन घेणाऱ्या बाईच्या हातातली कळशी निसटत नाही.

रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंत अशी दोरी नाही. आवळून राहण्यासाठी ते बाहेरून येणाऱ्या कॅल्शियमवर बरेच अवलंबून असतात, आणि ॲम्लोडिपिन तिथल्या दारांना अधिक सहज चिकटते. भिंत सैलावते, दाब उतरतो. गोळी रक्तातले कॅल्शियम कमी करत नाही, हाडांतले काढून घेत नाही. ती फक्त दार अडवते. दूध किंवा कॅल्शियमची गोळी नेहमीच्या प्रमाणात घेतली तर रक्तातली पातळी फारशी हलत नाही, कारण शरीर ती काटेकोर सांभाळते. तेव्हा सांगितलेल्या असतील तर दोन्ही गोळ्या चालतात.

ॲम्लोडिपिन शरीरातून सावकाश उतरते. रक्तातले प्रमाण निम्मे व्हायलाच दीड-दोन दिवस लागतात. ‘दोन दिवस बंद ठेवली, काही झाले नाही’ या अनुभवाचे कारण हेच. दाब मग हळूहळू, गुपचूप वाढतो.

या गोळीने काहींचे घोटे सुजतात. बारीक रोहिण्या सैलावतात, शिरा तितक्या सैलावत नाहीत, आणि पाणी झिरपून पायात साठते. ‘किडनी गेली’ म्हणून घाबरून परस्पर गोळी सोडण्यापेक्षा डॉक्टरांना पाय दाखवावेत. डोस कमी करता येतो किंवा दुसरे औषध जोडता येते. सुजेबरोबर दम लागत असेल किंवा चेहराही सुजत असेल, तर मात्र तपासणीला उशीर नको.

याच गटातली व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम ही औषधे हृदयावरही चांगलाच परिणाम करतात, नाडी मंद करतात. मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल आधीच चालू असेल आणि दुसऱ्या डॉक्टरांनी यातले एखादे लिहून दिले, तर नाडी धोकादायक इतकी उतरू शकते. जुना केसपेपर आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून नेण्याचा आग्रह डॉक्टर धरतात तो यासाठी.