शेणातले सोयरे

पोळ्याच्या दिवशी हिवरा आश्रमात बैल तोरणाखाली उभे राहतात. अंगावर झूल, डोक्याला बाशिंग. मग घरोघरी पाय धुऊन पुरणपोळीचा घास. मेहकर तालुक्यातले हे गाव विवेकानंद आश्रमामुळे सर्वदूर ठाऊक झाले, पण माणूस आणि गुरे यांची सोयरीक इथेही इतर वऱ्हाडासारखीच, शेणाने सारवलेल्या एकाच अंगणातली. कोरोनानंतर मात्र या सोयरिकीकडे लोक जरा बिचकून पाहू लागले. जनावरांतून रोग येतात म्हणे! येतात, खोटे नाही. पण हा हिशेब एकतर्फी नाही.

आतड्यात मुक्काम करणाऱ्या विषाणूंचे एक कूळ आहे, एंटेरोव्हायरस. पोलिओचा विषाणू याच कुळातला. आकार मिलिमीटरच्या तीस-पस्तीस हजाराव्या भागाएवढा. अंगावर चरबीचे पांघरूण नसल्यामुळे पोटातल्या आम्लातून तो सुखरूप पार होतो. गाईगुरांत याचे दोन मुख्य गट आहेत. डुकरांचा गट निराळा, उंटांचा निराळा, माकडांचे तर कितीतरी. गाईच्या पोटातले हे पाहुणे बहुधा काहीच त्रास देत नाहीत. धडधाकट जनावराच्या शेणातही ते सापडतात, इतके की ओढ्याचे पाणी गुरांच्या शेणाने बिघडले का, हे पाहायला शास्त्रज्ञ त्यांचाच माग काढतात.

इतके प्रकार झाले कसे? बँकेत लेजर हाताने लिहायचे तेव्हा एकाने नोंद केली की दुसरा तपासायचा. या विषाणूच्या घरात तपासनीसच नाही. साडेसात हजारांच्या आसपास अक्षरांची त्याची पोथी. प्रत्येक नकलेत सरासरी एखादी चूक राहून जाते. बऱ्याच चुका विषाणूलाच भोवतात, एखादी मात्र कामाची ठरते. शिवाय एकाच पेशीत दोन विषाणू भेटले तर पानांची अदलाबदल होते. डुकरांतल्या काही एंटेरोव्हायरसमध्ये तर टोरोव्हायरस या पार वेगळ्या कुळातल्या विषाणूचे जनुक सापडले आहे. शेजाऱ्याच्या वहीतले पान आपल्या वहीत शिवावे, तसे.

आता त्या हिशेबाची दुसरी बाजू. 1966 साली इटलीत डुकरांच्या खुरांना आणि तोंडाला फोड आले. पाहणाऱ्याला तो लाळ्या-खुरकूतच वाटावा. निघाला मात्र कॉक्सॅकी बी-5 या माणसाच्या विषाणूचा वंशज. म्हणजे रोग आपण डुकरांना दिला होता! त्याच वर्षी आफ्रिकेत गोंबेच्या जंगलात चिंपांझी लुळे पडू लागले. आसपासच्या वस्तीत पोलिओची साथ होती आणि ती माणसांकडूनच तिकडे गेली, असे मानतात. जेन गुडाल यांनी केळ्यांतून चिंपांझींना पोलिओची लस दिली.

असे असूनही पोलिओच्या विषाणूला जनावरांत कायमचे घर करता आले नाही. लस पाजणाऱ्यांच्या पायपिटीला यश आले त्यात याचा वाटा मोठा आहे. भारतातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011चा, पश्चिम बंगालमधला. त्या विषाणूचे बिऱ्हाड गोठ्यातही असते तर माणसांची कितीही बाळे शोधून काढली असती तरी तो तिथून परत आला असता.

खुरकुताचे नेमके तसेच आहे. तोही याच विषाणूंच्या गोतावळ्यातला, पण शाखा वेगळी, आणि गाईगुरे हेच त्याचे घर. थोराड बैल त्याने सहसा मरत नाही; पण लंगडा बैल ऐन पेरणीत दावणीला उभा राहिला, तर घरधन्याचे काय होते ते बँकेच्या कुठल्याच रकान्यात मावत नाही. भारतात याचे ओ, ए आणि एशिया-1 असे तीन प्रकार महत्त्वाचे, आणि एकावरची लस दुसऱ्याला चालत नाही. म्हणून लशीत तिन्ही लागतात, तीही दर सहा महिन्यांनी. 2019 पासून देशभर केंद्राच्या खर्चाने ही मोहीम चालते. आमच्या वेळी जनावराच्या कानातला बिल्ला म्हणजे विम्याचा, कर्जवसुलीच्या कामाचा. आताच्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडे असतात आणि त्यावर लशीची नोंद होते.