आधी डबा खिडकीत ठेवा, मग सेटिंगला हात लावा

शिरपामाळ हा जव्हारजवळचा उघडा माळ. सुरतेच्या पहिल्या स्वारीवर (१६६४) जाताना शिवाजी महाराज येथे थांबले, जव्हारच्या राजाने त्यांच्या मस्तकी शिरपेच चढविला आणि त्यावरून माळाला हे नाव पडले, असे सांगतात. माळावर उभे राहिले की नजर लांबवर जाते. खाली दरीतल्या पाड्यावर मात्र ती समोरच्या डोंगरालाच अडते. मोबाइलच्या लहरींचेही तसेच आहे. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात नेट रडतखडत चालते, त्याचे एक मोठे कारण हेच.

ही गैरसोय करमणुकीपुरती असती तर एवढे लिहिले नसते. पण आता महाडीबीटीवरचा अर्ज आणि पोरांच्या शिष्यवृत्तीचे कागद सारे नेटवरूनच जाते. फोटो चढत नाही, मुदत संपत येते आणि शेवटी तालुक्याला जावे लागते. एसटीचे भाडे जाते आणि दिवसाची मजुरीही बुडते. तेव्हा घरातल्या मोडेमपाशी तासभर घालविणे परवडते.

सुरुवात सेटिंगपासून करू नये. पहाटे पाच वाजता आणि रात्री नऊ वाजता, एकाच जागेवरून, नेटचा वेग मोजून वहीत लिहावा. पहाटे चांगला आणि रात्री मंद असेल, तर बहुधा टॉवरवर गर्दी आहे. तिथे मोडेमची कोणतीही कळ उपयोगी पडत नाही. मोठी कामे पहाटे उरकावीत हेच बरे. दिवसाचा डेटा संपल्यावर अनेक पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो, तेही पाहून घ्यावे. घरातले चार फोन आपोआप व्हिडिओ उतरवत असतात आणि दोष मात्र बिचाऱ्या मोडेमला लागतो!

दोन्ही वेळा वेग मंदच असेल तर डब्याची जागा पाहावी. सिमवर चालणारा मोडेम कपाटात किंवा टीव्हीमागे ठेवू नये. पत्र्याचे छप्पर लहरी अडवते. टॉवरच्या बाजूच्या खिडकीत, उंचावर आणि पाऊस लागणार नाही असा डबा ठेवावा. जागा डोळ्यांनी ठरवू नये. मोडेमच्या खालच्या चिठ्ठीवर १९२.१६८.१.१ किंवा तसाच एखादा पत्ता आणि पासवर्ड छापलेला असतो. मोडेमच्या वायफायला जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता इंग्रजी आकड्यांत टाकला की मोडेमचे पान उघडते. त्यात 'आरएसआरपी' नावाचा उणे आकडा शोधावा. उणे ८५ चांगला, उणे १०५ कमजोर, आणि उणे ११५ च्या पलीकडे फारसे काही हाती लागत नाही. डबा हातभर सरकवावा, मिनिटभर थांबावे, आकडा पुन्हा पाहावा. कधी कधी एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत गेल्यानेच काम होते.

आता सेटिंग. बदल करण्यापूर्वी जुन्या पानाचा फोनवर फोटो काढून ठेवावा. 'नेटवर्क मोड' बहुधा 'ऑटो'वर असतो. रेंज काठावरची असली की डबा टू-जी आणि फोर-जी यांच्यामध्ये हेलकावे खातो. तेथे 'फक्त फोर-जी' करून पाहावे. नेट साफ गेले तर परत 'ऑटो' करावे. काही मोडेममध्ये बँडही निवडता येतो. ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतींतूनही बऱ्यापैकी शिरतात. २३०० च्या लहरींना वेग जास्त, पण पल्ला कमी. टॉवर दूर असेल तर खालचा बँड बरा. वायफायचे तसेच: घरभर पोचायला २.४ गिगाहर्ट्झ, आणि डब्याशेजारी बसून काम करायचे तर ५. वायफायचा चॅनेल १, ६ किंवा ११ करा असा सल्ला सर्रास दिला जातो. शेजारी दहा वायफाय असलेल्या शहरी चाळीत तो ठीक. एकट्या घराच्या पाड्यावर त्याने विशेष फरक पडत नाही.

बाजारात मिळणारे 'सिग्नल बूस्टर' घेऊ नयेत. परवान्याविना ते लावणे बेकायदा आहे आणि त्यांच्यामुळे आसपासच्या सर्वांचीच रेंज बिघडते. मोडेमला सोय असेल तर बाहेर लावायचा अँटेना घ्यावा.

कधी रेंज भरपूर असते, पहाटही असते, तरी नेट हलत नाही. तेव्हा खोट पुष्कळदा टॉवरपर्यंत येणाऱ्या जोडणीत असते. पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी 'ग्राम मार्ग' हा प्रयोग केला तो याच दुव्यासाठी. टीव्हीसाठी राखलेल्या पण रिकाम्या पडलेल्या, ६०० मेगाहर्ट्झच्या खालच्या लहरी त्यांनी गावांपर्यंत नेट नेण्यासाठी वापरल्या. या लहरी झाडीतूनही वाट काढतात. मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत २०१७ साली या प्रयोगाला पहिले बक्षीस मिळाले.

घरी फायबरची तार असेल तर मोडेमवरचा 'लॉस' लिहिलेला दिवा पाहावा. तो लाल झाला म्हणजे उजेड घरापर्यंत पोचत नाही. तार तुटली किंवा दुमडली असेल, सेटिंगशी झटू नये. तक्रार करताना पहाटेचा वेग, रात्रीचा वेग आणि असेल तर तो उणे आकडा सांगावा, आणि तक्रार क्रमांक त्याच वहीत लिहून ठेवावा.