परतवारीची कसोटी

आषाढी एकादशीस चंद्रभागेचे स्नान झाले, विठुरायाचे दर्शन घडले, की वारकरी गावाकडे वळतो. हिंगोली जिल्ह्यातील भाविकांची वारी मात्र तेथेच पुरी होत नाही. आषाढ वद्य एकादशीस ते कयाधूकाठच्या नर्सी या गावी संत नामदेव महाराजांच्या दर्शनास जातात. हीच परतवारी. पंढरीत भेटलेला देव पंधरा दिवसांत प्रपंचाच्या रामरगाड्यात हरवला तर नाही ना, असेच जणू ही एकादशी आपणांस विचारते.

शके ११९२, म्हणजे इ. स. १२७० मध्ये जन्मलेल्या नामदेवरायांचे जन्मस्थान म्हणून नर्सीस परंपरेने मान आहे. विठ्ठलाशी बोलणारा हा लाडका भक्त. तरी संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने परीक्षा घेतली, तेव्हा हेच मडके कच्चे ठरले! मग देवानेच त्यांस गुरूकडे धाडले. याच जिल्ह्यातील औंढा नागनाथाच्या ज्योतिर्लिंगाशी विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पहुडले होते. नामदेवांनी ते पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तर तेथेही पिंड प्रकटली. जेथे पाय ठेवावेत तेथे देव! 'देव नाही अशी जागा कोणती?' हा बोध त्या क्षणी झाला, अशी ही कथा आहे.

आमच्या मते, कच्चेपणाचे मर्म येथेच आहे. देवाचे विस्मरण म्हणजे नास्तिकपणा नव्हे. देव देव्हाऱ्यात आहे, पण दुकानाच्या तराजूपाशी नाही, असे आपण नकळत धरून चालतो. तेच खरे विस्मरण. त्याचे फळ म्हणून देव कोपत नाही. आपणच हळूहळू कोरडे होतो. सकाळी पूजा आटोपून दुपारी मापात मारताना हात कापत नाही. गळ्यात माळ असते आणि जिभेवर घरच्या वृद्धांना टाकून बोलणे. यश आले की 'मी केले' आणि संकट आले की 'देवाने केले', अशी वाटणी होते. अहंकार वाढतो, दया आटते, आणि जप चालू असूनही मनास शांती लाभत नाही.

मग संसार सोडावा काय? नामदेवरायांनी तसे सांगितले नाही. ते पंजाबात गेले. त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथ साहिबात आदराने समाविष्ट आहेत. त्यांतील एका पदात पतंग उडविणारा मुलगा सोबत्यांशी बोलतो, पण चित्त दोरीशी असते. पाणी आणणाऱ्या स्त्रिया हसतात, बोलतात, पण लक्ष डोईवरच्या घागरीशी असते. आई घरकामात गुंतते, पण मन पाळण्यातल्या बाळाशी. हात कामात, चित्त देवापाशी. संसारी माणसास याहून सोपी वाट कोणती?

म्हणून यंदाच्या परतवारीस नर्सीस जाणे घडो वा न घडो, घरातील प्रत्येकाने एक नेम करावा. चूल पेटविताना, दुकानाचे कुलूप उघडताना, तिफण धरताना, क्षणभर थांबून नाम घ्यावे. आणि ज्याच्याशी व्यवहार करावयाचा, त्याच्या ठायी तोच पांडुरंग आहे हे आठवावे. देवळातून परतताना देव मागे राहिला नाही, तरच आपली वारी पावली!